रोग्याचा शब्द

संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची हकिकत आहे. यरीहोच्या वाटेवर तो बसला होता. येशू जात असल्याचे कळताच तो हाका मारू लागला, तेव्हा भोवतालच्या लोकांनी त्याला दटावून गप्प बसवण्याचा प्रयत्न केला. प्रभू मात्र थांबला. त्याने आंधळ्याला बोलावून घेतले आणि त्याची इच्छा काय आहे हे त्यालाच विचारले. वाचकाला हा प्रश्न क्षणभर अनाठायी वाटतो. आंधळा मनुष्य दृष्टीवाचून दुसरे काय मागणार? मग विचारण्याचे प्रयोजन काय?

प्रयोजन आहे, आणि ते मोठे आहे असे आम्हांस वाटते. ज्याला कोणी बोलूच देत नव्हते, त्या माणसाला प्रभूने आधी त्याचा शब्द परत दिला आणि मग दृष्टी दिली. याच हकिकतीत आणखी एक बारकावा आहे. ज्या जमावाने आंधळ्याला दटावले, त्याच जमावातले लोक प्रभू थांबल्यावर त्याला धीर देतात आणि उठून जाण्यास सांगतात. म्हणजे जमाव माणसाचा आवाज दाबू शकतो, तसाच त्याला उभारी देऊन वैद्यापर्यंत पोहोचवूही शकतो. प्रत्येक आजारी माणसाभोवती असा एक जमाव उभा असतो. त्यात त्याचे नातलग आणि शेजारी असतात. शिवाय डोळ्यांना न दिसणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या रीती, समजुती, भीती आणि श्रद्धा असतात. या न दिसणाऱ्या जमावालाच आपण संस्कृती म्हणतो. रोग्याची सेवा करणाऱ्याने तिच्याशी कसे वागावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दवाखान्याच्या दारात माणूस चपला काढून ठेवतो. आपली संस्कृती त्याला तशी काढून ठेवता येत नाही. ती त्याच्याबरोबर खाटेवर चढते. तिच्याविषयी साधारणपणे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, शरीर हे शरीर आहे. मलेरिया कोणाची जात, धर्म वा भाषा पाहत नाही, तेव्हा औषधानेही ती पाहू नये. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याची रीत त्याला प्यारी. वैद्याने तिच्यात हात घालू नये. पहिल्या मताला विज्ञानाचा आधार आहे आणि दुसऱ्याला समाजाचा. परंतु दोन्ही मतांत प्रत्यक्ष खाटेवर पडलेला माणूस कोठेतरी हरवतो, अशी आमची शंका आहे.

पहिल्या मताकडे आधी पाहू. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक भेद स्पष्ट करून मांडला. शरीरात जो बिघाड होतो तो रोग. आणि तो बिघाड माणूस जसा भोगतो, त्याला जे नाव देतो, त्याचे जे कारण मानतो, ते आजारपण. डॉक्टर रोगावर उपचार करतो, रोगी मात्र आजारपण घेऊन आलेला असतो. म्हणून क्लाइनमन यांनी डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारण्यास सुचवले: हा त्रास कशामुळे झाला असे तुम्हांला वाटते? तो आताच का सुरू झाला? त्यात तुम्हांला कशाची अधिक भीती वाटते? कोणता उपचार व्हावा असे तुमच्या मनात आहे? हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि उत्तर ऐकून न हसण्याइतके सौजन्य लागते.

आपल्या भाषेचेच उदाहरण घ्या. मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसते, डोळ्यांत खुपते, पोटात मुरडा येतो, पाठीत चमक भरते, जखम चुरचुरते, डोके भणभणते, अंगात कसर राहते. प्रत्येक शब्दात दुखण्याची जागा, त्याची जात आणि त्याची चाल सांगितलेली असते. आता वसईच्या एखाद्या वाडीतील आजीची कल्पना करा. घरात ती सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलते. मुंबईच्या रुग्णालयात तिच्या उशाशी उभी असलेली परिचारिका केरळातून आलेली असते; ती मोठ्या मायेने, पण हिंदीतून विचारपूस करते. डॉक्टर इंग्रजीत लिहितो आणि दुखणे एक ते दहापैकी किती, असा आकडा मागतो. मध्ये इंग्रजी शाळेत शिकलेला नातू दुभाषा होतो आणि आजीचे दहा शब्द एका ‘पेन’मध्ये बसवून टाकतो. कोणाचाही हेतू वाईट नाही. तरीही आजीला जे सांगायचे होते ते वाटेतच सांडले.

नवे औषध जुन्या शब्दाच्या दाराने आत येऊ शकते, याची साक्षही आपल्याच भाषेत आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेले ते पहिले लसीकरण. मराठी माणसाने रोगाला देवी म्हटले होते. लस आली तेव्हा तिलाही तो ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’ असेच म्हणू लागला. लशीला विरोध झाला नाही असे नव्हे. पण लोकांच्या जिभेने तिला घरात घेतले. १९७५ साली भारतातील देवीच्या शेवटच्या रोग्याची नोंद झाली. रोग गेला, शब्द मात्र दंडावरच्या वणासारखा राहिला.

जिथे शब्द पोहोचत नाही तिथे काय घडते, हे अमेरिकन लेखिका अ‍ॅन फॅडिमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ या पुस्तकात सांगितले आहे. लाओस देशातून परागंदा होऊन कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी आलेल्या ह्मोंग जमातीच्या एका कुटुंबात १९८२ साली मुलगी जन्मली. काही महिन्यांतच तिला फेफऱ्याचे झटके येऊ लागले. आईबापांच्या समजुतीप्रमाणे मुलीचा आत्मा भिऊन देहाबाहेर गेला होता आणि एका शक्तीने तिला धरले होते. डॉक्टरांच्या मते तो मेंदूतील बिघाड होता. रुग्णालयात ह्मोंग भाषा जाणणारा माणूस बहुतेक वेळा हजर नसे. आईबापांना बाटलीवरची अक्षरे वाचता येत नव्हती. औषधे आणि त्यांची मात्रा मात्र पुनःपुन्हा बदलत होती. औषध नीट दिले जात नाही म्हणून शेवटी डॉक्टरांच्या तक्रारीवरून १९८५ साली मुलीला आईबापांपासून काढून काही महिने परक्या घरी ठेवण्यात आले. पुढे ती परत आली. पण १९८६ च्या नोव्हेंबरात मोठा झटका आणि रक्तात पसरलेला संसर्ग यांमुळे तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. आता ती थोड्याच दिवसांची सोबती आहे असे डॉक्टरांना वाटले. घरच्यांनी तिला घरी नेले, भरवले, न्हाऊ घातले, पाठीवर वागवले. ती त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ जगली आणि २०१२ साली वारली.

या हकिकतीतील डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते अतिशय कष्टाळू आणि प्रामाणिक होते. आईबापांचे प्रेमही निःसंशय होते. दोन्हीकडे चांगुलपणा असून मुलगी मध्येच सापडली, हेच यातील दुःख. त्या आईबापांना दवा आणि आपले पूजाविधी दोन्ही हवे होते. ही गोष्ट योग्य वेळी, योग्य भाषेत कोणी समजून घेतली असती तर सारे टळले असते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण भांडण तरी टळले असते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेद्वारा जे कार्य केले ते सर्वज्ञात आहे. आदिवासी बांधव रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींत आम्ही बावरतो, असे उत्तर मिळाले. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात. आम्ही तर प्रेताला पांढरे कापड गुंडाळतो, मग त्या वेशातील माणसे जीव कसा वाचवणार? आमच्या माणसांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. आणि तिथे आमचा देव नाही. यावर बंग दांपत्याने व्याख्यान दिले नाही. शोधग्राम येथील रुग्णालय आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे बांधले गेले. नातलगांना रोग्यापाशी राहण्याची सोय झाली. लोकांच्याच इच्छेवरून त्याला माँ दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. औषधशास्त्रातील एकही नियम यासाठी मोडावा लागला नाही. भिंती बदलल्या, कपडे बदलले, नाव बदलले. आणि जे येत नव्हते ते येऊ लागले.

एवढ्यावरच थांबलो तर रीतीपुढे वैद्याने मान तुकवावी, असा निष्कर्ष निघेल. पण त्याच गडचिरोलीने दुसरी बाजूही दाखवली आहे. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या स्त्रिया दुखणे अंगावर काढत होत्या, कारण त्याविषयी बोलायचे नसते, ही रीत. येथे संस्कृतीने रोग्याला जवळ आणले नाही; तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. जिथे पोटफुगीने तळमळणाऱ्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिले जातात, तिथे तर रोग्याला तोंडच नसते. अशा बाळाच्या आजीवर संताप करण्यात अर्थ नाही; ती आपल्या परीने जीव वाचवू पाहत असते. पण तिची रीत म्हणून ती मान्य करणे, हा आदर नसून त्या बाळाविषयीची बेपर्वाई आहे.

आणि एक तिसरा मार्गही तेथेच सापडला. बाळंतीण आणि बाळ यांनी पहिले काही दिवस घराबाहेर पडायचे नाही, ही आपल्याकडे सर्वत्र आढळणारी रीत. आजारी नवजात बालके या कारणानेही रुग्णालयापर्यंत पोहोचत नव्हती. रीत मोडा असा आग्रह न धरता बंग दांपत्याने गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले आणि उपचारच उंबऱ्याच्या आत नेला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ज्या ३९ गावांत हा प्रयोग झाला तेथील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. बाळंतिणीची खोली तीच राहिली. तिच्यात ज्ञान शिरले.

या तीन उदाहरणांवरून आम्हांस एक कसोटी सुचते. एखादी रीत समोर आली की ती जुनी की नवी, आपली की परकी, हे प्रश्न बाजूला ठेवावेत आणि एवढेच पाहावे: या रीतीमुळे रोग्याचा शब्द ऐकू येतो की दाबला जातो? शोधग्रामच्या झोपडीत तो ऐकू येतो. म्हणून ती झोपडी बांधावी. ‘बोलायचे नसते’ या दंडकाखाली तो दाबला जातो. म्हणून तो दंडक हळुवारपणे पण ठामपणे मोडावा. आणि बाळाला शब्दच नाही, तेव्हा त्याच्या वतीने बोलणाऱ्याने आपल्या भीतीचे नव्हे, त्याच्या हिताचे बोलावे.

आतापर्यंत आपण दूरच्या लोकांविषयी बोललो. दुसऱ्याच्या रीतीचे माप काढणे सोपे असते. म्हणून आता ही कसोटी आपल्या घराला लावू.

घरातील वडीलधाऱ्या माणसाला कर्करोग झाल्याचे निदान होते. डॉक्टर मुलाला बाजूला बोलावतात. मुलगा म्हणतो, बाबांना काही सांगू नका, ते हाय खातील. मग अहवाल कपाटात लपवला जातो. रोगाचे नाव ‘गाठ’, ‘सूज’, ‘अल्सर’ असे काहीतरी होते. भेटायला येणाऱ्यांना जिन्यातच गाठून सूचना दिली जाते. हे सारे प्रेमापोटी होते याविषयी आमच्या मनात किंचितही शंका नाही. विचारले असता उत्तर मिळते, फादर, ही आपली संस्कृती आहे; तोंडावर सांगणे हे पाश्चात्त्यांचे.

या उत्तरात तथ्य किती? १९६१ साली शिकागो येथील एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारण्यात आले, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोग्याला त्याचे निदान सांगू नये अशा मताचे निघाले. १९७९ साली अमेरिकेतच तशाच प्रश्नाला ९७ टक्के डॉक्टरांनी सांगावे असे उत्तर दिले. अठरा वर्षांत एका देशाची रीत उलटी झाली. तेव्हा लपवणे हे पूर्वेचे आणि सांगणे हे पश्चिमेचे, असे देवाने वाटून दिलेले नाही. जपानचे सम्राट हिरोहितो १९८९ साली कर्करोगाने वारले. त्यांना त्यांच्या रोगाचे नाव सांगण्यात आले नव्हते. ज्याच्या नावाने कालगणना चालत होती, त्यालाही आपल्या देहाची बातमी मिळाली नाही.

१९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अधिक बोलका आहे. लॉस एंजेलिस परिसरातील निरनिराळ्या वंशांच्या ८०० वृद्धांना विचारण्यात आले की, शरीरात पसरलेल्या कर्करोगाचे निदान रोग्याला सांगावे काय? युरोपीय वंशाच्या ८७ टक्के वृद्धांनी होय म्हटले, कोरियन वंशाच्या ४७ टक्क्यांनी. यावरून कोरियन रोग्याला सांगू नये, असा नियम काढण्याचा मोह होतो. पण आकडा नीट पाहा. जवळजवळ निम्म्या कोरियन वृद्धांना सांगावे असेच वाटत होते. तेव्हा समोर बसलेला वृद्ध कोणत्या निम्म्यात आहे हे त्याच्या वंशावरून, धर्मावरून किंवा आडनावावरून कळणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल. संस्कृतीचे ज्ञान आपल्याला कोणता प्रश्न कसा विचारावा ते शिकवते. उत्तर मात्र ते देऊ शकत नाही.

कायद्यानेही आपल्या देशात हीच दिशा धरली आहे. दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री केवळ तपासणीसाठी दाखल झाली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडे काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निर्णय दिला की, जी स्त्री सज्ञान आहे आणि शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकते, तिच्या वतीने आईची संमती चालणार नाही. आईचे प्रेम न्यायालयाने नाकारले नाही. प्रेम म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे, एवढेच सांगितले.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग, कोणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगतो. एक वृद्ध बाई रुग्णालयात होत्या. मुलांनी आम्हांला वऱ्हांड्यातच बजावले, “फादर, आईला काही कळू देऊ नका.” आम्ही आत गेलो. प्रार्थना झाली, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि बाई हळूच म्हणाल्या, “फादर, माझं आता थोडंच राहिलंय. माझी बहीण ह्याच दुखण्यानं गेली, मला कळत नाही काय? पण पोरांना सांगू नका हं. त्यांचा जीव तुटेल.” भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच गुपित होते, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांसाठी एकटी रडत होती. आम्ही एवढेच म्हणालो, “मावशी, तुम्हीच त्यांच्याशी बोला. मी जवळ बसतो.” बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग मोठ्या लेकीला बोलावून घेतले. त्यांच्या मनात किती काय साठले होते! बांधावरून अबोला धरलेल्या दोन मुलांना समोरासमोर उभे करायचे होते. धाकट्या सुनेला बांगड्या स्वतःच्या हाताने घालायच्या होत्या. आणि मुख्य म्हणजे घरी जायचे होते. विहिरीकडची खिडकी उघडी ठेवून, आपल्या खाटेवर. मुलांना ते जड गेले. “लोक म्हणतील, पैसे वाचवायला आईला घरी आणली,” असे थोरला म्हणाला. पण त्याने आणली. बाई अकरा दिवस घरी होत्या. अबोला पुरता मिटला असे आम्ही म्हणणार नाही. पण दोघे भाऊ खाटेच्या दोन बाजूंना आळीपाळीने जागले.

थोरल्याच्या तोंडचे ते वाक्य विचार करण्यासारखे आहे. अतिदक्षता विभागातील नळ्यांच्या जंजाळात माणूस ठेवण्याचा आग्रह पुष्कळदा रोग्यासाठी नसतो. तो ‘लोक’ नावाच्या अदृश्य प्रेक्षकांसाठी असतो. ही देखील संस्कृतीच, आणि ती अलीकडची आहे. ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत समतोल आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केले की, जीव जतन करण्यासाठी सर्वसाधारण उपाय योजणे हे मनुष्याचे कर्तव्य आहे, आणि सर्वसाधारण म्हणजे काय हे व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती यांच्या परिस्थितीनुसार ठरते. स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारे उपाय योजलेच पाहिजेत असे बंधन नाही. जीव घेण्याची परवानगी यात अर्थातच नाही. पण ज्याच्या देहावर तो भार पडणार आहे त्याला न विचारता भाराचे माप कसे ठरणार?

आपल्याच भक्तिजीवनातील एका रीतीविषयीही बोलले पाहिजे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला आपल्याकडे अजूनही ‘शेवटला संस्कार’ म्हणतात. धर्मगुरू दारात दिसला की रोग्याने समजावे, आता आटोपले! म्हणून धर्मगुरूला बोलावणे लांबवले जाते. आणि रोगी बेशुद्ध झाला, आता तो घाबरणार नाही, अशी खात्री झाल्यावर मोटार धाडली जाते. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले की, या संस्काराला आजाऱ्यांचा तैलाभ्यंग म्हणणे अधिक उचित आहे आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा नवा विधी दिला. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर ख्रिस्तमंडळीच्या वडिलांना बोलावण्याचे काम आजाऱ्याकडेच दिले आहे. जो संस्कार रोग्याने मागून घ्यायचा, तो आपण त्याच्या नकळत उरकतो. कसोटी लावली तर ही रीतही टिकत नाही.

उलट जिथे ती टिकते अशी उदाहरणेही ख्रिस्ती सेवेने घालून दिली आहेत. मदर तेरेसा यांनी १९५२ साली कोलकात्यात कालीघाट येथे मरणोन्मुखांसाठी घर उघडले. तेथे हिंदूच्या मुखात गंगाजल पडे, मुसलमानाच्या कानी कुराणाचे शब्द पडत आणि कॅथलिकाला तैलाभ्यंग मिळे. मरणाऱ्याला त्याच्या ओळखीच्या शब्दांची सोबत मिळावी, हा त्यामागील भाव. आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या माउंट मेरीजवळ, डॉ. लुइस जोसे डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले. भारतातील हे पहिले शुश्रूषागृह, जिथे बरे न होणाऱ्या कर्करोग्यांच्या वेदना शमवल्या जातात. अशा ठिकाणी यंत्रे थोडी असतात आणि कान पुष्कळ असतात.

मग घरोघरी आपण काय करावे? रोग्याला सत्य फेकून मारावे असे आम्ही सुचवत नाही. आधी त्याला विचारावे: तुमच्या दुखण्याविषयी तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे? डॉक्टरांशी तुम्ही बोलाल की कोणा एकाने तुमच्या वतीने बोलावे? “तुम्हीच पाहा, मला नका सांगू,” असे तो म्हणाला तर तोही त्याचाच शब्द; तो मानावा. विचारल्यावाचून गृहीत धरू नये, एवढेच. घरातील वडीलधाऱ्यांशी हे बोलणे त्यांच्या धडधाकटपणीच व्हावे. निर्णय घेण्याची शक्ती गेल्यावर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा न व्हावेत, याचे इच्छापत्र आगाऊ करून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली आणि आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढेही करता येते. हे लिहिताना ख्रिस्तसभेची शिकवण समजून घ्यावी. धर्मगुरूचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

आणि आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलेमुली आज डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ म्हणून देशात आणि परदेशांत काम करीत आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती. तुमच्यासमोर जो रोगी येईल त्याच्या समजुती तुम्हांला कधी भाबड्या वाटतील, कधी घातक. घातक असतील तिथे न भिता थांबवा. पण थांबवण्याआधी, औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी, नातलगांशी बोलण्याआधी, खाटेजवळची खुर्ची ओढून घ्या आणि त्याच्या भाषेत, ती येत नसेल तर ती येणाऱ्या कोणाला तरी बरोबर घेऊन, त्याला काय होते आहे ते त्याच्याच तोंडून ऐका.